करपल्याचा वास

"वैनी, तुम्ही घरला जावा. सांजच्याला निरोप धाडतो काय झालंय ते," पिराजी मिस्त्री म्हणाला.

"बसते की. मला काही घाई नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्यानं हातातला पाना मांडीला पुसला. आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं. बाटलीत निळी शाई होती. आमच्या चटणीच्या पोत्यांवर मार्का मारायची, घासली तरी न जाणारी.

"ही कशाला आणलायसा?"

"तू एकेक भाग काढशील तशी त्याच्यावर टिकली लावते. बसवताना तीच टिकली दिसली पाहिजे मला."

मिस्त्रीनं बाटली उचलून उजेडात धरून बघितली. मग जीपच्या पलीकडं उकिडवा बसलेल्या यल्लाप्पाकडं वळून म्हणाला, "बघ बाबा. बावीस वर्षं झाली धंद्याला. माझ्या कामाला कुंकू लावणारी ही पहिलीच बाई."

"कुंकू नव्हे, शाई," मी म्हटलं.

यल्लाप्पा हसला नाही. एरवी तो अशा बोलण्यावर पहिला हसायचा.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. गडहिंग्लजात तेव्हा आमचा चटणीचा, म्हणजे लाल तिखटाचा, धंदा जोरात होता. माझी शाळा सातवीपर्यंत, पण मिरचीची शाळा मी स्वतःच काढली आणि स्वतःच पास झाले. चिमूटभर चटणी पाण्यावर सोडली की रंग घातलाय का ते मला कळायचं. बोटात चोळली की विटेची भुकटी कळायची, वासावरून मागच्या वर्षीची शिळी मिरची कळायची. ज्यानं त्यानं मला फसवायला बघितलं होतं आणि मी एकेकाला पकडलं होतं. त्यामुळं संशय हा माझा स्वभाव नव्हता, धंदा होता. पुढं तो स्वभाव कधी झाला ते मला कळलं नाही. घरात साबणाच्या वड्या मोजायची, दुधाच्या पातेल्यावर पळीनं खूण करायची. आमचे हे म्हणायचे, "तू देवाच्या पेढ्यालासुद्धा वास घेऊन बघशील." मी घेत होते.

चटणी पोचवायला आमच्याकडं एक जुनी डिझेलची जीप होती. आजरा, आंबोली, घाट उतरून सावंतवाडी अशी आठवड्याला दोनदा फेरी. चौदा वर्षं ती यल्लाप्पाच चालवत होता. निपाणीकडचा माणूस, बोलण्यात कानडीचा हेल, कपाळाला भंडारा. चौदा वर्षांत त्यानं एक कोंबडी मारली नव्हती गाडीखाली. आणि त्या फाल्गुनात, सावंतवाडीहून मोकळी गाडी घेऊन येताना, आंबोलीच्या चढाला इंजिन धगधगलं, धूर निघाला आणि बंद पडलं. एका ट्रकला दोर बांधून त्यानं ती घरापर्यंत आणली.

ह्यांनी अंगणातच विचारलं, "गरम होतंय हे कळलं नाही तुला?"

"काटा तीन वर्षं झाली बंद हाय, मालक. नवा बसवा म्हणून मीच सांगतोय."

हे खरं होतं. काट्यावाचून काय अडलंय, असं मीच म्हटलं होतं.

"मग नाक तर होतं ना?"

"वास आला. पर इंजिनाचा न्हाई आला." यल्लाप्पानं नाकावरून हात फिरवला. "भाकरी करपल्यागत वास येत हुता. मला वाटलं रस्त्याच्या कडंला कुणीतरी चूल मांडलीया."

हे माझ्याकडं बघायला लागले. मीही त्यांच्याकडं बघितलं. आंबोलीच्या घाटात, भर दुपारी, चालत्या गाडीबरोबर पळणारी चूल. खोटं बोलायचं तर माणसानं बरं तरी बोलावं.

त्या आधीच्या महिनाभरात गाडी दोनदा गरम झाली होती आणि दोन्ही वेळा यल्लाप्पा उशिरा आला होता. मी मनात दोन आणि दोन मांडून बसले होते. हा परस्पर भाडी मारतोय, गाडी कुठंतरी आपटलीय आणि आता झाकतोय.

"इंजिन उघडायचं," हे म्हणाले. "गाडीचा दोष निघाला तर गाडीचा. तुझा निघाला तर तुझा रस्ता तू धर."

यल्लाप्पानं मान हलवली. "उघडा. पर माझ्या म्होरं उघडा."

त्याचं म्हणणं मला समजत होतं. आमच्या भागात ड्रायव्हरला दारूबद्दल माफी मिळते, भांडणाबद्दल मिळते. पण 'इंजिन जाळलेला' असं एकदा नाव पडलं की संकेश्वरपासून चंदगडपर्यंत त्याच्या हातात कुणी किल्ली देत नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काही येतही नव्हतं. तो हमाली करणार होता का?

तर अशी ती सकाळ. संकेश्वर रोडला पिराजीचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुनिंब. जमिनीवर गोणपाट अंथरलेलं. मी पालथ्या खोक्यावर, यल्लाप्पा समोर मातीत, मिस्त्री आमच्या मध्ये. तिघंही एकमेकांवर नजर ठेवून.

आधी खालचा बोल्ट काढून त्यानं ऑइल सोडलं. काळं यायला पाहिजे ते आलं पांढरट, फेसाळ, घुसळलेल्या ताकासारखं.

"पाणी मिसळलंय," मिस्त्री म्हणाला. "आतनं कुठंतरी फुटलंय."

"कुणी फोडलं?" मी विचारलं.

"वैनी, इंजिन हाय. मडकं न्हवं."

मग पंख्याचा पट्टा निघाला. तो चांगला होता. मी टिकली लावली. पाण्याचा पंप निघाला. मिस्त्रीनं तो बोटानं गरागरा फिरवून दाखवला, तोही चांगला. टिकली. मग एक वाकडा नळा काढून त्यानं आत बघितलं आणि भुवया चढवल्या.

"ह्यातला वॉल कुठाय?"

"कसला वॉल?" मी खोक्यावरून उठलेच.

"पाणी तापलं की उघडतो त्यो. हितं बसतो. कुणीतरी काढून टाकलाय."

मी यल्लाप्पाकडं बघितलं. मला वाटलं सापडलं.

यल्लाप्पा शांतपणे म्हणाला, "तूच काढलास की पिराजी, गेल्या उन्हाळ्यात. आपल्या मुलखात ह्येचं काय काम न्हाई म्हणालास. तुझ्या कुत्र्यानं खेळायला नेला."

मिस्त्रीनं जरा विचार केला. "मग बरोबर हाय. त्येच्यानं काय गरम होत न्हाई, उलट गार ऱ्हातंय." आणि घाईघाईनं पुढच्या कामाला लागला. मी मनातल्या यादीत त्याचंही नाव घातलं.

इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला ते लोक हेड म्हणतात, ते काढायला तास गेला. एकेक नट करकरत सुटायचा. मग लाकडी हातोड्यानं कडेनं ठोकत ठोकत त्यानं ते सैल केलं आणि दोघांनी मिळून उचललं. तांब्यासारख्या रंगाचं पातळ गॅस्केट मधोमध जळून गेलं होतं. मिस्त्रीनं हेड पालथं करून त्याच्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली आणि मला बोलावलं.

"खालनं बघा. उजेड दिसतोय?"

मी गुडघे टेकून बघितलं. पट्टी आणि लोखंडाच्या मध्ये एक बारीक फट होती. तिच्यातून पलीकडच्या कडुनिंबाची हिरवाई दिसत होती.

"बाक आलाय. तापून तापून वाकलंय," तो म्हणाला. "ही झाली मढ्याची दशा. मेलं कशानं ते अजून कळायचं हाय."

मला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा आवडला.

मग तो इंजिनाच्या भिंतीतल्या भोकांकडं वळला. त्या पाण्याच्या वाटा. त्यानं तार घातली. तार दोन बोटं गेली आणि थांबली. दुसऱ्या भोकात घातली, तिथंही थांबली. बाहेर काढली तेव्हा तारेच्या टोकाला काहीतरी राखाडी, चिकट लोंबत होतं. मिस्त्रीनं ते नाकाशी नेलं आणि उठला. रेडिएटर बाजूला उभा करून ठेवलेला होता. त्यानं वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खाली आलंच नाही. वरूनच उतू जाऊन आमच्या पायांवर सांडलं. मग त्यानं शेगडी पेटवली, वरच्या टाकीच्या सांध्याचं झाळण वितळवलं आणि पितळेची ती टाकी डब्याच्या झाकणासारखी उचलली.

आत लापशी होती. करड्या रंगाची, घट्ट, वर सुरकुतलेली साय धरलेली.

एव्हाना शेजारच्या चहाच्या गाड्यावरचे चार-पाच ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते. पिराजीनं बोटानं थोडी लापशी उचलली.

"पीठ," तो म्हणाला.

मागून कुणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"पीठ कसं येईल आत?" मी विचारलं.

मिस्त्री यल्लाप्पाकडं न बघता बोलला. "जुनी युक्ती हाय, वैनी. रेडिएटरला टक्कर बसून गळाय लागला, की काय ड्रायव्हर कणीक टाकत्यात, काय हळद टाकत्यात. गळती बुजती. मालकाला कळत न्हाई. चार दिवस निभावतंय. मग असं हुतंय."

यल्लाप्पा उठून उभा राहिला. "मी न्हाई टाकलं. माझी गाडी गळतच न्हवती."

"बुजल्यावर कशी गळंल?" गर्दीतला एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

 टाकलं असतं तरी गळत नव्हती आणि नसतं टाकलं तरी गळत नव्हती.  नेमके तेव्हाच आमचे हे कांडप बंद करून सायकलवरून तिथं आले. मिस्त्रीनं त्यांना टाकीतलं दाखवलं आणि दोन वाक्यांत सांगितलं.

ह्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "चौदा वर्षं," ते म्हणाले. "सांगितलं असतंस तर नवा रेडिएटर घेतला असता, यल्लाप्पा. उद्यापासून येऊ नको."

त्या वेळी मी काय करत होते? मी टाकीत बोट घातलं होतं. सवय. चिमूट उचलली आणि अंगठ्यानं चोळली. कणकेचा चिकटपणा वेगळा असतो, हा तो नव्हता. रवाळ होतं, आणि डिझेलच्या वासाखालून ओळखीचं काहीतरी येत होतं. नाचणी. तीही कच्ची नव्हे, भाजलेली, भाकरी होऊन मग भिजलेली. आणि बोटांत काहीतरी बारीक कुरकुरलं. मी नखानं वेगळं केलं. रेघारेघांचे, जिऱ्याहून लहान दाणे. शिजून मऊ झालेले, पण आकार सुटला नव्हता.

ओवा.

गळती बुजवायला ओवा कुणी घालत नाही.

हे मला तिथं, त्या सगळ्यांसमोर, यल्लाप्पा मान खाली घालून चालायला लागलेला असताना कळलं. आणि मी बोलले नाही. कारण माझ्या डोक्यात आधी काय आलं ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या घरातली ओव्याची बरणी दोनदा रिकामी झाली होती आणि मी भांडी घासायला येणाऱ्या सुंद्रीवर पाळत ठेवली होती. आता मला वाटलं, सुंद्री आणि यल्लाप्पा मिळून काहीतरी करतायत. इतकी मी पुढं गेले होते. एवढ्यात काही बोलायला नको, आधी घरी जाऊन सुंद्रीला पकडायचं, असं ठरवून मी बोट पदराला पुसलं. यल्लाप्पा रस्ता ओलांडून गेला. मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "काय यल्लाप्पा, भाकरी करपली काय रं?" आणि पुन्हा सगळे हसले.

घरी पोचले तेव्हा सुंद्री कामं आटोपून गेली होती. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, त्या स्वैपाकघरात नव्हत्या, सोप्यात नव्हत्या. मागच्या दारातून बघितलं तर जीप उभी करायच्या पडवीत होत्या. ती पडवी म्हणजे मुळात आमचा गोठा. दोन वर्षांमागं आत्तींची कपिली गाय म्हातारी होऊन गेली. मग आम्ही खाली सिमेंट केलं आणि गाडी तिथं उभी करू लागलो. गव्हाणीचा कट्टा तेवढा तसाच होता. आत्ती त्या कट्ट्यावर चढून उभ्या होत्या, ऐंशीची बाई. हातात एक गोळा होता.

"आत्ती, पडशीला! काय करतायसा?"

"कुठं नेली गं तिला?"

"कुणाला?"

"दोन दिस झालं, दावण मोकळी. दवाखान्यात नेली व्हय?"

मी जवळ गेले. त्यांनी हातातला गोळा मला दाखवला. नाचणीची भाकरी कुस्करून मळलेली, वर काळ्या मिठाचे खडे आणि ओवा.

"पोट फुगून डमारलं हुतं तिचं," आत्ती म्हणाल्या. "सांजच्याला हात लावला तर अंग नुसतं भाजत हुतं. घुरघुरत हुती. मी रोज सकाळी द्यायची. पहिल्यांदा नुसता घास द्यायची, मग गरम व्हाय लागली तसा ओवा घातला. मग हिंगबी घातला. तोंड वासून उभी असती बिचारी, नको म्हणत न्हाई." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "दूध देत न्हाई, पर लाथबी मारत न्हाई."

मी त्यांना खाली उतरवलं. त्यांचा हात धरून कट्ट्यावर बसले. 

आमच्या घरात जेवायच्या आधी गाईचा घास काढायची रीत. कपिली होती तोवर आत्ती तो स्वतः नेऊन भरवायच्या. ती गेल्यावर घास काढायचं थांबलं असं मला वाटत होतं. ते थांबलं होतं, पावणेदोन वर्षं. मग त्या माघात कधीतरी पुन्हा सुरू झालं. सकाळी यल्लाप्पा यायचा, बॉनेट उघडायचा, रेडिएटरमध्ये पाणी भरायचा आणि आतली हवा सुटू दे म्हणून झाकण काढून ठेवून मागच्या दाराशी यायचा. तिथं मीच त्याला चहा द्यायची. तो पायरीवर बसून प्यायचा. गोठ्यात जनावर आणि त्याचं उघडं तोंड. आत्तींना कट्ट्यावर चढायला तेवढा वेळ पुरत होता.

आणि मी काय मोजत होते? आत्ती मला अधूनमधून माझ्या नणंदेच्या नावानं हाका मारायच्या, मला वाटायचं टोमणा मारतायत. आमटीत दुसऱ्यांदा मीठ पडायचं, मला वाटायचं माझा स्वैपाक बिघडावा म्हणून करतात. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला तेव्हा मी सुंद्रीला बोल लावला होता. घरातली एवढी मोठी गोष्ट हळूहळू निसटत होती आणि मी साबणाच्या वड्या मोजत बसले होते.

मी ह्यांना बोलावणं पाठवलं. ते आले, आईच्या हातातला गोळा बघितला, सगळं ऐकलं. कट्ट्यावर सांडलेला ओवा तळहातानं झाडला.

"यल्लाप्पाला परत बोलवू," शेवटी म्हणाले. "पण बाहेर बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"काम आहे म्हणून बोलवायचं. कारण सांगायचं नाही. आईला साऱ्या गावानं वेडी म्हणायचं का?"

"मग यल्लाप्पाला साऱ्या गावानं चोर म्हणायचं?"

"तो पुरुष माणूस आहे. चार दिवसांत विसरतील लोक."

"तुम्ही विसरला असता?"

 हे बोलणं चाललं असतानाच मागच्या अंगणातून यल्लाप्पा आला. किल्ली परत करायला. पडवीत आला नाही, बाहेरच उभा राहिला. त्यानं आमचं किती ऐकलं होतं कोण जाणे. आत्ती त्याला बघून लगबगीनं उठल्या.

"आलास व्हय रं? कशी हाय कपिली?"

यल्लाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या त्या गोळ्याकडं. ड्रायव्हर माणूस, रस्ता समोर यायच्या आत त्याला वळण कळतं. त्याच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. राग असणार, आणि हसूही असणार थोडं. तो पडवीत आला, आत्तींच्या समोर उकिडवा बसला.

"बरी हाय," तो म्हणाला. "पोट उतरलंय."

"ओवा लागू पडला म्हण की."

"लागू पडला. पर डाक्टरनं सांगितलंय, आता म्हैनाभर तिला काय चारायचं न्हाई. नुस्तं पाणी. तेबी माझ्याच हातनं."

"तुझ्या हातनं का?"

"तुम्ही लाड करतासा. लाडानं बिघडली ती."

आत्ती हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. गोळा त्यांनी त्याच्या हातात दिला आणि तो त्यानं नीट खिशात ठेवला.

ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "यल्लाप्पा, झालं ते झालं. उद्यापासून ये."

"येतो की मालक." तो उठला. किल्ली मात्र त्यानं कट्ट्यावर ठेवली. "पर हितं सांगून माझं काय हुतंय? वैनी, मला चोर पिराजीच्या गॅरेजात ठरिवलं. चा पिणाऱ्या समद्यांच्या म्होरं. जिथं बोलला तिथं सांगा. मग किल्ली उचलतो."

आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली कनवटीला लावून मी निघाले तेव्हा हे दारात आडवे उभे राहिले. "माझ्या आईची गोष्ट आहे ती," म्हणाले. मी म्हटलं, "माझी पण आहे. आणि त्याच्याविषयी बोलायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, ती गोष्ट तर फक्त माझीच आहे." ते बाजूला झाले, पण माझ्याबरोबर आले नाहीत.

गॅरेजमध्ये तेच चार-पाच जण होते. यल्लाप्पा रस्त्यापलीकडं उभा होता. मी चटणीच्या सौद्याला उभी राहते तशी उभी राहिले आणि सांगितलं. पीठ नव्हे, भाकरी होती. यल्लाप्पानं टाकली नाही, आमच्या सासूबाईंनी टाकली. त्यांना गाडी ही आपली गाय वाटते. गाय आजारी आहे असं वाटून त्यांनी ओवा चारला. आणि हे मला काल इथंच, बोटाला लागलं तेव्हा कळायला पाहिजे होतं. ओवा मला कळला होता, तरी मी बोलले नाही.

 मग पिराजी मिस्त्री हसला. आधी दाबून, मग पोट धरून. त्याच्यामागं सगळे. "इंजिनाला ओवा! अरं देवा! म्हणजे वायूवर इलाज!" हसू थांबेचना. मी तशीच उभी होते. मला वाटलं होतं रडू येईल, पण मलाही हसू यायला लागलं होतं आणि त्याची लाज वाटत होती. एकटा यल्लाप्पा हसला नाही. तो रस्ता ओलांडून आला आणि त्या हसणाऱ्या ड्रायव्हरांना म्हणाला, "बास झालं. म्हातारी हाय ती." मग माझ्यापुढं हात केला. मी किल्ली दिली.

ती गोष्ट अर्थातच बाजारभर झाली. पुढं कितीतरी वर्षं मला लोक विचारायचे, "वैनी, गाडीला ओवा दिला का?" हे माझ्याशी दोन महिने कामापुरतं बोलत होते. पण आत्तींना त्यांनीच कोल्हापूरला डॉक्टरकडं नेलं, आणि रात्री त्यांच्या खोलीत स्वतःची खाट टाकली. आत्ती त्यानंतर तीन वर्षं होत्या. शेवटी शेवटी त्या मला आपली आई समजायच्या. मी समजू दिलं.

इंजिनाचं हेड सपाट करून आणलं, नवं गॅस्केट बसलं, माझ्या निळ्या टिकल्या सगळ्या जागच्या जागी दिसल्या. जीप सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी यल्लाप्पानं बॉनेट उघडलं आणि हाक मारली.

"वैनी, या. बघा."

मी गेले. त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी भरलं, मला आत वाकून बघायला लावलं, मग माझ्यासमोर झाकण घट्ट बसवलं आणि बॉनेटच्या दोन्ही कड्या लावल्या. नंतर चहाला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चटणीनं भरलेले हात घेऊन मी रोज जायची, त्या काळ्या भोकात बघायची आणि "बघितलं" म्हणायची. मग तो झाकण लावायचा. मला वाटलं, आठ-पंधरा दिवस करेल. आत्ती गेल्या त्यानंतरही तो करत राहिला.

एकदा, त्यालाही दोनेक वर्षं झाली असतील, पाऊस पडत होता. मी दारातूनच म्हटलं, "राहू दे, यल्लाप्पा. आता कशाला? माझा विश्वास आहे तुझ्यावर."

त्यानं डोक्यावर पोतं घेतलं होतं. झाकण हातात धरून, पावसात तसाच उभा राहिला.

"माझाबी हुता, वैनी," तो म्हणाला. "त्येच्यावरच तर झाकण उघडं टाकून चा प्यायला येत हुतो."

मी पदर डोक्यावर घेतला आणि बघायला गेले.